तुमची नागली आली आहे

अहो,

आज सकाळी मी तुमच्याबद्दल खोटं बोलले, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. नाहीतर मी कसली पत्रं लिहिते? वाण्याची यादीसुद्धा मी फोनवर तोंडी सांगते.

सुरगाण्याची जानकीबाई आली होती. दारात उभी, डोक्यावर पिशवी, पदर खोचलेला. "ताई, साहेबांची नागली आनली. औंदा लय झ्याक हाय, खडा नाय एक बी." मी तिला पाणी दिलं. पिता पिता तिनं आत डोकावलं, तुमच्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, "साहेब गाडी शिकवाया गेलं व्हय?"

मी "हो" म्हणाले.

दीड वर्ष झालं तुम्हाला जाऊन, आणि मी उंबऱ्यात उभी राहून सांगते की गाडी शिकवायला गेलेत. वर हेही म्हणाले की जेवायच्या वेळेला येतील. तिला कुठून कळणार? मागच्या हिवाळ्यात ती आलीच नव्हती, घरातले सगळे द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेले होते. पंचवटीत लेकीकडे दोन दिवस राहून परवा परत जाताना रिकामी पिशवी न्यायला येते म्हणाली.

ती गेल्यापासून मला काही सुचत नाही. पिशवी ओट्याखाली ठेवली, मग बाहेर काढली. आता जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर आहे. चहा दोनदा केला आणि दोनदा गार झाला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सुमन, एकाच गिअरमध्ये चाल, इंजिन तापेल."

आठवतं, हे नागलीचं प्रकरण सुरू कसं झालं? तुमचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं आणि बाहेर येताच तुम्ही मला म्हणालात, "थोडक्यात सांगू? माझ्या रक्तावर तर्री आली आहे." मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले. मग डॉक्टरांचा कागद बघितला. एका बाजूला काय खायचं, दुसऱ्या बाजूला काय नाही, आणि खाली एक गोळी, रोज. नाशिकच्या माणसाला रविवारची मिसळ बंद सांगतात, म्हणजे मामला साधा नाही एवढं मला तेव्हाच कळलं.

पहिल्या दिवशी ओट्सची वाटी समोर ठेवली, तर तुम्ही त्यात चमचा उभा करून दाखवलात. "ही खळ आहे. हिनं मी तरुणपणी क्लासची पोस्टरं चिकटवायचो." वाटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली.

मग मी पेटले. औषधासारखं लागेल ते माझ्या घरात शिजणार नाही, असं ठरवूनच टाकलं. ओट्सचं थालीपीठ केलं, भरपूर कांदा-कोथिंबीर घालून, आणि तुम्ही दुसरं मागून घेतलंत. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, लसूण, मिरची, जिरं घालून खलबत्त्यात कुटायचा. मिक्सरमधून काढलेली चटणी तुम्हाला लगेच ओळखू यायची. सकाळी भिजवलेले मेथीदाणे, चार बदाम, एक अक्रोड. मोडाच्या मटकीचा रस्सा तर मी असा जमवला, काळा मसाला कोरडाच खमंग भाजून, की तेल नाही हे सांगितल्याशिवाय कळू नये. तुम्ही मात्र सगळ्यांना सांगत सुटायचात की बायकोनं मिसळीतून तेल चोरलं.

आणि नागली. डॉक्टरांच्या कागदावर नाचणी, जानकीबाईच्या तोंडी नागली. मी नांदगावची, बाजरीत वाढलेली. नागलीची पहिली भाकरी तव्यावरच तीन तुकडे होऊन पडली. जानकीबाईनंच शिकवलं, "पानी उकळू द्या, पीठ त्यात घाला, वाफ बसू द्या, मंग मळा." तेव्हापासून ती दर हिवाळ्यात तुमच्या नावानं नागली आणते.

तुमचा डबा वेगळा होता. क्लासच्या गाडीवर लावायचा लाल 'एल' तुम्ही त्याच्यावर चिकटवलात. म्हणालात, "गाडीत मी मास्तर, पथ्यात मी शिकाऊ." त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. संकेत पुण्याहून आला की जवसाची चटणी मागायचा, तर मी पोराच्या हातावर चापट मारायचे. बाबांचं औषध आहे ते, म्हणायचे. म्हणजे आपल्या घरात दोन स्वयंपाक व्हायचे. एक तुमचा आणि एक बाकीच्यांचा. संकेत पुण्याला परत गेला की बाकीचे म्हणजे मी एकटी.

तुम्हाला अंड्याचं फक्त पांढरं. मग पिवळं कुठे जाणार? अन्न टाकायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. ते मी खायचे. तुमच्या दुधावरची साय मी भाकरीला लावून खायचे. दिवाळीत शेजारून आलेली शेव-चकली तुमच्यासमोर नको, म्हणून मी ओट्यापाशी उभ्यानं संपवायचे. बाईमाणसानं शेवटी बसायचं आणि पातेलं पुसून घ्यायचं, ही माझ्या हाडात मुरलेली सवय. तुमच्या वाटणीचं सगळं वाईट मी पोटात घातलं आणि वर मला वाटायचं, मी संसार सांभाळते आहे.

तुम्हाला दिसत नव्हतं का हो? शिकाऊचा पाय क्लचवर जरा जास्त टेकला तरी तुम्हाला न बघता कळायचं. शेजारी बसलेल्या बायकोच्या ताटात काय आहे, ते इतक्या वर्षांत एकदाही दिसलं नाही? "तूही एकदा रक्त तपासून घे," एवढं एक वाक्य. तुमच्यावर माझा तेवढा एक राग आहे. बाकीचे सगळे राग मी काढून टाकले.

हे बघा, मी पुन्हा उठले होते. गॅलरीत जाऊन आले, उगाच. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, दहा वेळा पुढे-मागे. तुम्ही असतात तर तिसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगितलं असतं.

तर तुमचा कोलेस्टेरॉलचा आकडा उतरला. पहिल्या तपासणीत थोडा, दुसऱ्या तपासणीत चांगलाच. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तुम्ही स्केचपेननं रेघ काढत होतात, घाट उतरल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "वहिनींना श्रेय द्या." झालं. मला कुणी आवरणार? भिशीत मी जवसाच्या चटणीची कृती वाटत सुटले. मी म्हणे माझ्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल खलबत्त्यात कुटलं. कुणी बोललं की गोळीनंही उतरलं असेल, तर माझं तोंड वाकडं व्हायचं.

तो दिवस मी लिहिणार नव्हते. पण त्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

तुमची शेवटची शिकाऊ शाळेत शिकवणारी होती, तुम्ही तिचं कौतुक करायचात की आरसा विसरत नाही. ती तेराव्याला आली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत मला म्हणाली, "मखमलाबाद रोडला होतो आम्ही. सर एवढंच म्हणाले, मॅडम, जरा थांबू या. आणि गाडी थांबली. काकू, मी ब्रेक दाबलाच नव्हता." हृदयाचा झटका येता येता तुमच्या बाजूचा ब्रेक तुम्ही दाबला होतात. गाडी कडेला नीट उभी होती. मी तिला सांगितलं की शिकणं सोडू नको, आणि तिनं सोडलं नाही. लायसन मिळालं तेव्हा पेढे घेऊन आली होती.

महिन्यानं संकेतनं गाडी विकायला काढली. आधी ती रिकामी केली, तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात, शिकाऊंच्या फॉर्मखाली, तुमच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. कित्येक महिन्यांची. एकही गोळी काढलेली नव्हती.

"बाबांनी फसवलं आपल्याला," संकेत म्हणाला. तो असा कधी बोलत नाही. "डॉक्टरांकडून लिहून घ्यायचे, दुकानातून आणायचे आणि इथे टाकायचे. का, आई?"

मी पाकिटं हातात घेऊन उभी होते.

तेव्हापासून तुमचं नाव निघालं की पोराच्या बोलण्याला धार येते. वर्षश्राद्धाला माझ्या भावाला सांगत होता, "मामा, हट्टी होते बाबा. आई एवढं करायची आणि ते गोळी घ्यायचे नाहीत." मी भात वाढत राहिले. वरण पाहिजे का, विचारत राहिले.

आता नागली निवडायला घेतली. परातीत पसरली, बोटं फिरवली. खरंच खडा नाही. जानकीबाई खोटं बोलत नाही. मी बोलते.

तुम्हाला माहीतच आहे, पण मला एकदा लिहायचं आहे. तुम्ही लपवलं नव्हतंत. तुम्ही मला विचारलं होतंत.

मी जवस भाजत होते. तुम्ही दाराला टेकून उभे होतात, हातात रिपोर्ट. म्हणालात, "सुमन, दुसऱ्यांदा चांगला आलाय. गोळी सोडून बघू का? डॉक्टरांना विचारलं तर ते नाहीच म्हणतील." आणि मी मान वर न करता, झारा हलवत, म्हणाले, "सोडा की. माझा जवस काय झोपा काढतोय?"

तुम्ही हसलात. "बरं. मग आता परीक्षा तुझ्या जवसाची."

मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! त्या दिवशी मी चटणीत लसूण जास्त घातला. डॉक्टरांचं मन मोडवत नाही म्हणून तुम्ही गोळ्या आणत राहिलात, तो तुमचा स्वभाव. आणि घरात ठेवल्या नाहीत, कारण मला दिसल्या असत्या तर वाटलं असतं की तुमचा माझ्या हातावर भरवसा नाही. पुढची तपासणी तुम्ही सुट्ट्यांमधल्या गर्दीसाठी ढकललीत. शिकाऊ खूप आहेत, पावसाळ्यात करू, म्हणालात. मी तरी कुठे आग्रह धरला? मला खात्री होती, माझी रेघ उतरतेच आहे.

खूप दिवसांनी मी डॉक्टरांना विचारलं, गोळी चालू असती तर? ते बराच वेळ पेनाचं टोपण उघड-बंद करत बसले. म्हणाले, "सांगता येत नाही, वहिनी. कदाचित तरीही झालं असतं. कदाचित नसतं." त्यातलं 'कदाचित नसतं' मी रोज गिळते. त्याच्या आधीचं कधी घशाखाली उतरत नाही.

आणि त्या दिवशी संकेतला मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं, बाळा, मी सांगितलं म्हणून त्यांनी गोळी सोडली. सात शब्द. ते न बोलता मी तुम्हाला लबाड ठरू दिलं. तुम्हाला, ज्यांनी आयुष्यात कुणाला ट्रायलशिवाय लायसन मिळवून दिलं नाही.

आता माझी पाळी आली आहे, तेही सांगून टाकते. सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर होतं, भिशीतल्या बायकांनी ओढून नेलं. रिपोर्ट आला तर आकडा तुमच्या पहिल्या आकड्याच्याही वर. ती सगळी पिवळी, ती सगळी साय. डॉक्टरांनी तोच कागद काढला, त्याच दोन बाजू. म्हणाले, "वहिनी, आहार तुम्हाला मी काय शिकवणार? तो तर करायचाच. पण गोळीही घ्यायची. दोन्ही. मला न विचारता यातलं काही सोडायचं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

तीन आठवडे झाले. गोळ्यांचं पाकीट तुमच्या डब्याशेजारी पडून आहे. मी पथ्यही सुरू केलं नाही आणि गोळीही नाही. संकेतला काही सांगितलं नाही. पथ्य का नाही? तर तुमच्या डब्यातलं खायला हात होत नाही. एकटीसाठी नागलीची उकड काढायची, एकटीसाठी जवस कुटायचा, कुणी खाऊन टाळी देणार नाही. माझ्या एकटीसाठी मी कधी स्वयंपाक केलाच नव्हता, हे मला आत्ता कळलं. आणि गोळी का नाही? ती घशाखाली गेली की मान्य केल्यासारखं होईल, की नुसता जवस पुरत नव्हता. तेव्हाही पुरत नव्हता.

मला खरं उठवून बसवलं ते जानकीबाईनं. निघताना तिनं सहज विचारलं, "ताई, तुमी बी खाता ना नागली?"

"मी नाही गं. ते साहेबांचं पथ्य."

ती हसायलाच लागली. "पथ्य कशाचं? आमच्यात लेकरं बी हेच खात्यात. भूक लागली का खायची." आणि चप्पल घालून निघून गेली.

इतकी वर्षं मी त्या धान्याला औषध म्हणून कुलूपबंद ठेवलं. तुम्हाला एका ताटावर बसवलं, मी दुसऱ्या ताटावर बसले आणि त्याला प्रेम म्हटलं. घरात एकच भाकरी थापली असती, एकच रस्सा केला असता, तर? तुम्हालाही एकट्याला ती खळ वाटली नसती कदाचित. मला नवल वाटतं, हे इतकं सोपं कसं सुचलं नाही.

पत्र इथे अर्धं ठेवून मी फोन केला होता. संकेतला.

"आई, ऑफिसात आहे. संध्याकाळी बोलू का?"

"आत्ता नाही बोलले तर मी बोलणार नाही," म्हटलं. तो बाहेर आला असावा, मागचा गलका कमी झाला. मी सगळं सांगितलं. जवस, रिपोर्ट, "सोडा की", गाडीतली पाकिटं. त्यात मध्येच माझाही रिपोर्ट सांगून टाकला, तीन आठवडे तसाच आहे म्हणून. थांबले असते तर पुन्हा भात वाढायला लागले असते.

मी तयारीत होते. तो ओरडेल, किंवा म्हणेल जाऊ दे आई, तुझी चूक नाही. या दोन्हीची मला सारखीच भीती वाटत होती.

तो म्हणाला, "आई, तू तुझी गोळी घेतलीस का?"

"नाही."

"मग आत्ता घे. मी फोनवर आहे."

मी फोन टेबलावर ठेवला, पाकीट फोडलं, माठातलं पाणी घेतलं. अर्धं पाणी नागलीच्या परातीत सांडलं. गिळली. "घेतली," म्हटलं. मग पलीकडून त्याचा आवाज आला, लहानपणी पडल्यावर यायचा तसा. "बाबांना मी काय काय बोललो गं." मग आम्ही दोघंही रडलो. तो ऑफिसच्या जिन्यात आणि मी इथे.

आता मी बरीच शांत आहे. शांत म्हणजे, खुर्चीत बसून आहे.

तर माझं वचन ऐका. उद्या ही नागली वाळवून गिरणीत टाकते. ह्या घरात आता एकच स्वयंपाक होईल. संकेत आला की त्यालाही तीच भाकरी आणि चटणी हवी तेवढी, कारण त्याचंही रक्त तुमचंच आणि माझंच आहे. तोही तपासून घेणार आहे, कबूल केलंय. उरलेलं कुणाचंही मी पोटात घालणार नाही. गोळी रोज घेईन, आणि पुढचा आकडा चांगला आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडणार नाही. जवस भाजताना फुशारकी मारणार नाही. थोडी मारीन, पण गोळी घेऊन.

परवा जानकीबाई येईल तेव्हा तिला आत बोलावून खरं काय ते सांगीन. साहेब येणार नाहीत म्हणून सांगीन. मग आम्ही दोघी बसून भाकरी खाऊ.

मघाशी डब्यावरचा तुमचा लाल एल खरवडायला घेतला होता. एक कोपरा उचकटला आणि थांबले. तुम्ही प्रत्येकाला सांगायचात ना, एल काढायची घाई करू नका, तो आहे तोवर रस्ता तुम्हाला सांभाळून घेतो. बोटानं दाबून पुन्हा चिकटवलाय. डबा आता माझा आहे.

तुमची शिकाऊ,
सुमन